मेरी ओहारा यांची हार्प

काही वर्षांपूर्वी एका छोट्या नियतकालिकासाठी मी आयरिश संगीतावर एक टिपण लिहिलं होतं. हार्प छेडत गेलिक गाणी गाण्याची परंपरा हजार वर्षं अखंड चालत आली आहे, आणि विसाव्या शतकात मेरी ओहारा या गायिकेने ती जगापुढे आणली, असं त्यात ठासून म्हटलं होतं. आधार काय, तर जुन्या बाजारात मिळालेल्या एका ध्वनिमुद्रिकेच्या वेष्टनावरचा मजकूर. पुढे वाचत गेलो तसं ‘अखंड’ हा शब्द टिकणारा नाही हे ध्यानात आलं. मेरी ओहारा यांच्याबद्दलचा माझा आदर मात्र त्यामुळे कमी झाला नाही. उलट, त्यांनी नेमकं काय केलं हे मला तेव्हाच कळलं.

आधी भाषेबद्दल थोडं. आयर्लंडची गेलिक आणि स्कॉटलंडची गेलिक या सख्ख्या बहिणी. मराठी माणसाने कोकणी ऐकावी, तसं एकीचं दुसरीला थोडं कळतं, थोडं निसटतं. 1845 नंतरच्या बटाट्याच्या दुष्काळात आयर्लंडमध्ये सुमारे दहा लाख माणसं मेली आणि तेवढीच देश सोडून गेली. सर्वांत मोठा घाव बसला तो गेलिक बोलणाऱ्या पश्चिम भागावर. म्हणून तिथे गेलिक गाणं म्हणणं ही गोष्ट कधीच निव्वळ करमणुकीची राहिली नाही.

आता हार्प. जुन्या गेलिक सरदारांच्या दरबारात कवी कविता रची, पठण करणारा दुसरा असे आणि हार्प वाजवणारा तिसरा. सरदारांची सत्ता गेली तसा हा आश्रय तुटला आणि हार्पवादक गावोगाव फिरू लागले. त्यांतले बरेच जण आंधळे होते. देवीच्या रोगात दृष्टी गेलेल्या मुलाला हार्प शिकवणं हा पोटापाण्याचा एक मार्ग होता. टर्लो ओकॅरोलन (1670–1738) हा त्यांतला सर्वांत नामांकित. जुलै 1792 मध्ये बेलफास्टला उरल्यासुरल्या वादकांचा मेळावा भरवला, तेव्हा आयर्लंडभरातून जेमतेम दहा जण आले. त्यांतल्या डेनिस हेम्पसनचं वय 97 असल्याची नोंद आहे. जुन्या रीतीप्रमाणे लांब नखांनी धातूच्या तारा छेडणारा तो एकटाच होता. स्वरलेखनासाठी नेमलेला एडवर्ड बंटिंग हा 19 वर्षांचा ऑर्गनवादक. त्याने नेकीने काम केलं, पण पुढे छापताना या चाली पियानोच्या साच्यात बसवल्या. त्याला गेलिक येत नव्हती. शब्द गोळा करायला 1802 मध्ये पॅट्रिक लिंच याला कॉनाक्टमध्ये पाठवलं, आणि त्याने जमवलेले शब्द हस्तलिखितातच पडून राहिले. चाल एकीकडे आणि शब्द दुसरीकडे, ही ताटातूट तेव्हाच झाली.

धातूच्या तारांची ती हार्प एकोणिसाव्या शतकात जवळजवळ नाहीशी झाली. तिच्या जागी डब्लिनच्या जॉन एगन या कारागिराने आतड्याच्या तारांची, मांडीवर मावेल एवढी हलकी हार्प आणली. बोटांच्या पेरांनी वाजवायची ही हार्प दिवाणखान्यात शोभणारी होती. पुढे ती कॅथलिक जोगिणींच्या शाळांमध्ये मुलींना शिकवली जाऊ लागली. म्हणजे विसाव्या शतकात ‘आयरिश हार्प’ म्हणून जी जगाने ऐकली, तिचं वाद्य वेगळं, तारा वेगळ्या, वादनाची रीत वेगळी, आणि फिरत्या आंधळ्या पुरुषांच्या हातून ती शाळकरी मुलींच्या हातात आलेली. याला अखंड कसं म्हणायचं?

मेरी ओहारा अशाच शाळेतल्या. जन्म 1935 चा, स्लायगो इथला. डब्लिनजवळच्या सायन हिल या शाळेत मॉरीन नी शे या शिक्षिकेकडे त्या हार्प शिकल्या आणि शाळा सुटायच्या आधीच आयरिश रेडिओवर गायल्या. पुढे एडिनबरोचा महोत्सव, बीबीसी आणि अमेरिकेतला एड सलिव्हनचा कार्यक्रम, हे सगळं विशीच्या आसपास झालं. डेक्कासारख्या कंपनीने त्यांची गाणी ध्वनिमुद्रित केली.

या सुरुवातीच्या ध्वनिमुद्रिका हा त्यांच्या कामाचा गाभा आहे असं माझं मत आहे. कारण सांगतो. पश्चिम आयर्लंडमधली गेलिक गाणी ज्या रीतीने गातात तिला शान-नोस, म्हणजे ‘जुनी रीत’ म्हणतात. तिच्यात साथ नसते. ताल बांधलेला नसतो, शब्द नेईल तसं गाणं चालतं आणि एकच कडवं दुसऱ्यांदा आलं की हरकती बदलतात. आपल्याकडच्या जात्यावरच्या ओवीला निदान जात्याची घरघर तरी असते, इथे तीही नाही. पट्टीचे गायक दोन स्वरांच्या मधल्या जागेवर सहज जाऊन येतात. अशा गाण्याला हार्पची साथ कशी द्यायची? हार्पची प्रत्येक तार आधीच एका स्वरात लावलेली. मधली जागा तिच्यात नाही आणि छेडलेला स्वर ओढता येत नाही, तो विरत जातो. हार्मोनियमवरून आपल्याकडे जो वाद झाला, 1940 पासून तीसेक वर्षं आकाशवाणीने त्या वाद्याला दार बंद ठेवलं, त्याच जातीची ही अडचण आहे.

ओहारा यांनी ही अडचण सोडवली ती कमी वाजवून. साथ विरळ: एखादा स्वरसमूह, मग मोकळी जागा, मग ओळीच्या शेवटी दोन-तीन तारा. गाणारी आणि वाजवणारी एकच असल्यामुळे श्वास लांबला की हात थांबतो. दुसरा साथीदार असता तर त्याने कुठेतरी मात्रा मोजली असती. किशोरी आमोणकर स्वरमंडळ मांडीवर घेऊन गात, तेव्हा त्या तारांनी गाण्याला हाकायचं नसतं, फक्त उजेड धरायचा असतो. तसंच काहीसं हे आहे, फरक एवढाच की ओहारांची हार्प अधूनमधून स्वतःचंही दोन शब्द बोलते. आवाज स्वच्छ, उंच, शाळेत घडवलेला आहे. खेड्यातल्या गायिकेचा खरबरीतपणा त्यात नाही, आणि तसा आव त्यांनी आणलाही नाही. शान-नोसच्या अभिमान्यांना तो फार गोड वाटतो. त्यांचा आक्षेप मला समजतो, पण गेलिक शब्दांचा उच्चार आणि वजन त्या कुठेही सैल सोडत नाहीत, हेही ऐकायला हवं. आयरिश लोकगीतांच्या पुनरुज्जीवनातले मोठे नाव लियाम क्लॅन्सी, यांनी आपल्या आत्मचरित्रात त्यांच्या गाण्याचं ऋण मान्य केलं आहे.

याच काळात कवी टॉमस किन्सेला यांनी त्यांची ओळख रिचर्ड सेलिग या अमेरिकन कवीशी करून दिली. तो ऑक्सफर्डला ऱ्होड्स शिष्यवृत्तीवर आलेला होता. 1956 मध्ये लग्न झालं, दोघं अमेरिकेला गेले आणि पंधरा महिन्यांत हॉजकिन्सच्या आजाराने सेलिग गेला. ओहारा तेव्हा बावीस वर्षांच्या. पुढची चार वर्षं त्या गात राहिल्या, दौरे करत राहिल्या. मग 1962 मध्ये इंग्लंडमधल्या स्टॅनब्रुक ॲबी या बेनेडिक्टाइन मठात त्यांनी प्रवेश घेतला. 1967 मध्ये अखेरची व्रतं घेताना लग्नाची अंगठी वितळवून त्यातूनच मठाची अंगठी घडवली गेली.

या बारा वर्षांवर ‘गाणं सोडलं’ असा शेरा मारून चरित्रकार पुढे जातात. मला ते पटत नाही. स्टॅनब्रुक हा ग्रेगोरियन गायनासाठी ख्याती असलेला मठ. हे गायन एकसुरी आणि मुक्त लयीचं, शब्दाच्या वजनावर चालणारं. म्हणजे मैफल सुटली, पण रोजचं गाणं सुटलं नव्हतं, आणि ते लयीच्या दृष्टीने शान-नोसपासून वाटतं तितकं दूर नव्हतं. 1974 मध्ये प्रकृतीच्या कारणाने त्या मठातून बाहेर आल्या. दरम्यान त्यांच्या जुन्या ध्वनिमुद्रिका लोक ऐकत होते, नाव वाढत होतं, आणि त्यांना स्वतःला याचा पत्ताच नव्हता.

1977 मध्ये लंडनच्या रॉयल फेस्टिव्हल हॉलमधल्या मैफिलीने त्यांचं दुसरं पर्व सुरू झालं. 1980 मध्ये ‘द सेंट ऑफ द रोझेस’ हे आत्मचरित्र आलं. मोठी सभागृहं, दूरचित्रवाणी, इंग्रजी गीतं, भक्तिगीतं, मागे वाद्यवृंद. विधवा, जोगीण आणि पुन्हा गायिका, ही कथा वृत्तपत्रांना फार आवडली. ऑस्ट्रेलियात जॉन मिस्टो यांनी त्यावर ‘हार्प ऑन द विलो’ हे नाटकही लिहिलं. स्पष्ट सांगायचं तर या पर्वातली बरीच गाणी मी एकदा ऐकून बाजूला ठेवली. पण श्रोते वाढले ते याच गाण्यांनी, आणि त्याच कार्यक्रमांत ओहारा गेलिक गाणी म्हणत राहिल्या.

1985 मध्ये त्यांनी पाड्रिग ओटूल यांच्याशी लग्न केलं. ते शिकवायला टांझानियात गेले, तेव्हा सहा वर्षं दोघं तिथे राहिले. 1994 मध्ये ओहारा यांनी जाहीर गाणं थांबवलं.

2019 मध्ये युनेस्कोने आयरिश हार्पवादनाला मानवतेच्या अमूर्त वारशाच्या यादीत घेतलं, तेव्हा पुन्हा सगळीकडे ‘हजार वर्षं’ हे शब्द वाचायला मिळाले. मी आता ते असं वाचतो: हार्प या चिन्हाचं वय हजार वर्षं असेल. नखांनी धातूच्या तारा छेडणारी रीत हेम्पसनच्या पिढीबरोबर विझली, आणि आज काही वादक तिचा जुन्या नोंदींवरून नव्याने शोध घेत आहेत. आणि शान-नोसच्या शब्दांना आतड्याच्या तारांची बेताची साथ देत एकाच व्यक्तीने गाणं, ही रीत विसाव्या शतकातल्या शाळांत आणि ओहारांसारख्या मुलींच्या हातांत घडली. ओहारा यांचे कागदपत्र बोस्टन कॉलेजच्या बर्न्स ग्रंथालयात जपलेले आहेत. ज्यांना तिथवर जाणं शक्य नाही, त्यांनी पन्नाशीच्या दशकातली त्यांची गेलिक गाणी ऐकावीत आणि दोन ओळींच्या मधे हार्प किती वेळ गप्प राहते, तिकडे लक्ष द्यावं.