बर्फाखालचे मासे, पायाखालचा बर्फ

स्मरणिकेसाठी लेख मागताना संपादक मंडळाने यंदा 'विषयाचे बंधन नाही' असे आवर्जून कळविले. दरवर्षी मी लसीकरण, स्तनपान किंवा अतिसार यांपैकी एका विषयावर लिहितो आणि तो लेख मुद्रितशोधकाखेरीज कोणी वाचत नाही, असे माझ्या घरच्यांचे ठाम मत आहे. म्हणून या खेपेस मासे शोधण्याच्या यंत्रावर लिहीत आहे. बालरोगतज्ज्ञाने हा उद्योग का करावा, हे पुढे आपोआप स्पष्ट होईल.

माझे मूळ गाव डोईफोडिया. खकनार तालुक्यातले, महाराष्ट्राच्या सीमेजवळचे, केळी आणि कापूस पिकवणारे. नावाची व्युत्पत्ती कृपया मला विचारू नये. परंतु परगावी ते सांगितले, की समोरचा मनुष्य नकळत स्वतःच्या डोक्यावरून हात फिरवतो. या गावच्या ओढ्यात मी आणि माझा धाकटा भाऊ टाचणीचा गळ करून मासे धरीत असू. मासा कोठे आहे, हे त्या काळी पाण्याचा रंग, बुडबुडे आणि भावाची अंतःप्रेरणा यांवरून ठरत असे. अंतःप्रेरणा बहुधा चुकत असे.

तोच भाऊ गेली पंचवीस वर्षे अमेरिकेतील मिनेसोटा राज्यात, मिनिॲपोलिसच्या उपनगरात स्थायिक आहे. दहा एकरांहून मोठी ११,८४२ सरोवरे असलेले हे राज्य. हिवाळ्यात ती गोठली, की तेथील लोक घरात बसत नाहीत. सरोवरावर जाऊन बसतात. गिरमिटाने बर्फाला वीतभर रुंदीचे भोक पाडायचे, त्यातून गळ सोडायचा आणि स्टुलावर बसून वाट पाहायची. उन्हाळ्यात तेच लोक कयाक नावाची निमुळती, एका माणसाची होडी वल्हवीत त्याच पाण्यात हिंडतात. दोन वर्षांपूर्वी डिसेंबरात मी तेथे गेलो, तेव्हा भावापुढे एक प्रश्न होता : बर्फावर आणि कयाकवर अशा दोन्ही ठिकाणी चालेल, असे एकच मासेशोधक यंत्र कोणते घ्यावे? "दादा, तू रोज सोनोग्राफीचे रिपोर्ट वाचतोस, तूच निवड," असे म्हणून त्याने मला दुकानात नेले.

एकाच विद्येच्या दोन शाखा

त्याचे म्हणणे अगदीच वावगे नव्हते. १९१२ मध्ये टायटॅनिक बुडाल्यानंतर हिमनग आधी कळावा यासाठी प्रतिध्वनीचा विचार जोराने सुरू झाला; १९१४ मध्ये रेजिनाल्ड फेसेन्डेन यांनी हिमनगावरून ध्वनी परत आणून दाखविला. पहिल्या महायुद्धात पॉल लांजव्हँ यांनी पाणबुड्या शोधण्यासाठी क्वार्ट्‌झच्या स्फटिकाचा उपयोग केला. १९४८ मध्ये जपानमधील फुरुनो बंधूंनी मासेमारांसाठी पहिले व्यावहारिक यंत्र विक्रीस आणले. १९५८ मध्ये ग्लासगोचे इयान डोनल्ड यांचा सोनोग्राफीवरील प्रसिद्ध निबंध 'लॅन्सेट'मध्ये आला. म्हणजे समुद्रातला मासा आणि उदरातला गर्भ साधारण एकाच दशकाच्या अंतराने माणसाला दिसू लागले.

तत्त्व एकच. प्रोबने ध्वनी सोडायचा, प्रतिध्वनी येईपर्यंतचा वेळ मोजायचा आणि त्यावरून अंतर काढायचे. आपल्या शरीरातील मऊ ऊतींत ध्वनीचा वेग सेकंदाला १,५४० मीटर धरतात. गोठणबिंदूजवळच्या गोड्या पाण्यात तो १,४०० मीटरच्या आसपास असतो. नऊ मीटर खोल तळावरून प्रतिध्वनी परत यायला सुमारे तेरा सहस्रांश सेकंद लागतात. फरक आहे तो कंप्रतेचा. नवजात बाळाचा मेंदू पाहताना आपण ५ ते ७.५ मेगाहर्ट्‌झचा प्रोब वापरतो; मासेशोधक यंत्र बहुधा २०० किलोहर्ट्‌झवर चालते. त्याची तरंगलांबी पाण्यात सात मिलिमीटर. माशासाठी ती पुरते, मेंदूसाठी पुरली नसती.

बाळाचा मेंदू आपण टाळूतून पाहतो. कवटीचे हाड ध्वनी अडवते. टाळू तेवढी उघडी खिडकी. आपल्या आज्या तेल घालून टाळू भरीत, आपण जेली लावून तिच्यातून आत पाहतो. बर्फाला पाडलेले भोक ही सरोवराची टाळूच. डोई न फोडता आत डोकावण्याचे शास्त्र डोईफोडियाच्या माणसाने चालवावे, हा योगायोग मला दुकानात उभ्या उभ्या जाणवला.

निवड कशी केली

विक्रेत्याने प्रथम साहजिकच सर्वांत महाग यंत्र पुढे केले. २०१८ पासून अशी यंत्रे मिळू लागली आहेत, की ज्यांत मासा चित्रपटासारखा हलताना दिसतो. पाहून डोळे दिपतात. किंमत ऐकून ताळ्यावर येतात. मी भावाला आपल्या व्यवसायातली सवय सांगितली : यंत्र नंतर, प्रश्न आधी. बर्फावर प्रश्न असतो, 'माझ्या गळाखाली आत्ता काय आहे?' कयाकवर प्रश्न असतो, 'मी जेथून जात आहे, तेथे तळ कसा आहे?' पहिल्यात आपण स्थिर असतो, दुसऱ्यात चालते. बाकी सारे यातून निघते.

विक्रेता ज्या 'साइड इमेजिंग' आणि 'डाउन इमेजिंग'चे गुणगान करीत होता, ती चित्रे होडी पुढे सरकत असतानाच तयार होतात. भोकापाशी स्थिर बसलेल्याला त्यांत केवळ ओघळ दिसतात. ती सोय मिळाली तर कयाकवर उपयोगी. पण बर्फासाठी त्यापायी पैसे मोजू नयेत. बर्फावर आवश्यक ते 'फ्लॅशर'चे दृश्य. जुन्या फ्लॅशर यंत्रांत गोल तबकडीवर रंगीत दिवे लागतात आणि गळ वर-खाली केला, की त्याच क्षणी रेघ हलते. हे दृश्य आता साध्या पडद्याच्या अनेक यंत्रांतही मिळते. घेताना ते आहे ना, हे विचारून घ्यावे.

दुसरी गोष्ट किरणकोनाची. २० अंशांचा अरुंद शंकू खोलीच्या साधारण एकतृतीयांश व्यासाचे वर्तुळ पाहतो. ६० अंशांचा शंकू खोलीहून किंचित अधिक. नऊ मीटरवर पहिला सुमारे तीन मीटर पाहील, दुसरा दहा. बर्फावर अरुंद बरा, कारण दिसलेला मासा खरोखर आपल्या गळाजवळ असतो. कयाक बहुधा उथळ पाण्यात फिरते. तीन मीटर खोलीत अरुंद शंकू जेमतेम एक मीटर पाहतो, म्हणून तेथे रुंद बरा. दोन्ही कोन देणारे यंत्र घ्यावे. शिवाय सरोवरावर शेजारी-पाजारी सर्वांचीच यंत्रे चालू असतात. त्यांचा परस्परांतील गोंगाट गाळण्याची सोय हवी.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची, आणि ती आपण डॉक्टरांनी चटकन ओळखावी. यंत्र एक, प्रोब दोन. बर्फासाठी तरंगत्या बोंडाला लोंबणारा, आपोआप सरळ उभा राहणारा प्रोब; कयाकसाठी होडीच्या दांडीला किंवा तळाला बसणारा. एकच प्रोब दोन्हीकडे बांधण्याची काटकसर करणारे दर हंगामात वायरी तोडून घेतात. दोन्ही प्रोब त्याच यंत्राला जुळतात की नाही, हे मात्र खरेदीपूर्वीच पाहावे.

चौथी बॅटरी. शिशाची १२ व्होल्टची बॅटरी अडीच किलो भरते आणि थंडीत लवकर दमते. लिथियम आयर्न फॉस्फेटची बॅटरी तिच्या निम्म्याहूनही हलकी. ताशी एक अँपिअर खर्च धरला तरी १० अँपिअर-तासांची दिवसभर पुरते. पथ्य एकच : ती शून्य अंशाखाली चार्ज करू नये. घरात आणून, ऊब आली, की मगच चार्जर लावावा.

आम्ही अखेर पाच इंची पडद्याचे, दोन कोनांचे, फ्लॅशर दृश्याचे आणि जीपीएस असलेले मध्यम किमतीचे यंत्र घेतले. प्रोब आणि बॅटरीसह ते सहज उचलता येईल अशा पेटीत बसले. ध्वनिलहरींनी आत पाहणारे यंत्र खरेदी करून मी फॉर्म 'एफ' न भरता दुकानाबाहेर पडलो, हा आयुष्यातील पहिलाच प्रसंग.

यंत्राने जे सांगितले नाही

आता मूळ मुद्दा. माझा पुतण्या बारा वर्षांचा. त्याने एका दिवसात यंत्र आत्मसात केले. हललेला मासा पडद्यावर कमान का काढतो आणि थांबलेला सरळ रेघ का, हे त्यानेच मला समजावले. माशाचा प्रतिध्वनी मुख्यतः त्याच्या पोटातील हवेच्या पिशवीवरून येतो, हे मी त्याला सांगितले. यंत्र स्वतःहून माशाचे चित्र काढून दाखवते, त्यावर विसंबू नये, हेही सांगितले. ईसीजीच्या कागदावर यंत्राने छापलेल्या निदानाइतकाच त्याचा मान ठेवावा.

त्याला आणखी एक युक्ती कळली. बर्फ नितळ असेल, तर भोक पाडावेच लागत नाही. बर्फावर थोडे पाणी ओतून प्रोब टेकवला, की मधली हवा जाते आणि ध्वनी बर्फातून आरपार उतरतो. आपली जेली हेच काम करते. दुसऱ्या दिवशी सकाळी बाटली आणि पेटी घेऊन तो पुढे निघाला. काठाजवळ भावाने बर्फ मोजला होता. सात इंच भरला. मुलगा थांबत, पाणी ओतत, आकडे ओरडत चालला होता. बावीस फूट. वीस फूट. तो आमच्यापासून पंचवीस पावले पुढे, एक ओढा सरोवराला मिळतो त्या बाजूला पोचला आणि आनंदाने ओरडला, "मोठे बाबा, इथे अठरा फूट! खाली मासे आहेत!"

मी सहज विचारले, "तिथे बर्फ किती आहे रे?"

त्याने पडद्याकडे पाहिले. "अठरा फूट."

"पाणी नव्हे. बर्फ."

तो पुन्हा पडद्याकडे पाहू लागला. भाऊ त्याच क्षणी माझ्या शेजारी गुडघ्यावर बसला आणि त्याने पहार मारली. जेथे आम्ही उभे होतो, तेथेच तीन इंच बर्फ होता. वाहत्या पाण्याच्या तोंडाशी तो आणखी पातळ असणार. भावाने आवाज न चढवता मुलाला सांगितले, की पेटी तेथेच ठेव, वळ आणि आलास त्याच पावलांवरून, पाय न उचलता, घसटत ये. ती पंचवीस पावले यायला त्याला किती वेळ लागला, ते मी मोजले नाही. पेटी दोरीचा फास टाकून ओढली.

मी तो प्रश्न विचारला, त्याचे कारण बावीस वर्षांपूर्वीचे आहे. सात महिन्यांचे एक बाळ ताप आणि किरकिर घेऊन माझ्याकडे आले होते. टाळू किंचित भरलेली वाटली. टाळूतून केलेली सोनोग्राफी स्वच्छ आली आणि त्या स्वच्छ रिपोर्टने मला निर्धास्त केले. लंबर पंक्चर मी सकाळवर ढकलले. सकाळी मणक्यातून गढूळ पाणी आले. बाळ वाचले, पण एका कानाने ते कायमचे बहिरे झाले. त्या बारा तासांमुळेच तसे झाले, असे शास्त्र ठामपणे म्हणणार नाही. मी मात्र स्वतःपुरते म्हणतो. सोनोग्राफी चुकली नव्हती. मेंदूच्या पोकळ्या कशा आहेत, हे तिने अचूक सांगितले होते. मेंदुज्वर आहे का, हा प्रश्न तिच्या आवाक्यातला नव्हता. माझे बोट टाळूवर होते, त्याच्या आवाक्यातला होता.

म्हणून ज्यांची मुले-भावंडे त्या थंड मुलखात आहेत, त्यांनी यंत्राबरोबर पुढील गोष्टीही कळवाव्यात. चालणाऱ्या माणसासाठी नितळ, नवा बर्फ किमान चार इंच हवा. पांढरट बर्फ त्याच्या दुप्पट. दर दीडशे फुटांवर तो पहारीने किंवा गिरमिटाने पुन्हा मोजावा. ओढ्याच्या तोंडाशी आणि पुलाखाली तो दगा देतो. बंद तंबूत शेगडी पेटवल्यास कार्बन मोनॉक्साइडचा धोका असतो. लहान मुलात त्याची सुरुवात केवळ डोकेदुखी आणि मळमळ अशी होते. कयाकवर मे महिन्यात हवा उबदार आणि पाणी बर्फगार असते. थंड पाण्यात पडल्यावर श्वास सावरायला एक मिनिट आणि हातपाय उपयोगाचे राहतात ती सुमारे दहा मिनिटे, एवढाच अवधी. तेव्हा पडद्यावरचे पाण्याचे तापमान माशांसाठी नंतर वाचावे, जीवनरक्षक जाकीट घालण्यासाठी आधी.

जून महिन्यात भावाचा फोन आला. कयाकच्या तळाला आतून प्रोब चिकटवला होता. पण पडदा कोरा. मी विचारले, "मध्ये हवेचा बुडबुडा राहिला असेल?" त्याने प्रोब काढून, जाड सीलंट दाबून पुन्हा बसवला आणि तळ स्वच्छ दिसू लागला. चार हजार लोकवस्तीच्या गावातही जी चूक नवशिका सोनोग्राफी करणारा करतो, तीच. या जोडणीत पाण्याऐवजी होडीच्या तळाचे तापमान दिसते, हेही त्याला सांगून ठेवले. ते त्याने वेगळ्या तापमापकाने घ्यावे.

गेल्या डिसेंबरात पुतण्याने बर्फावरून फोटो पाठवला. मासा त्यात नाही. पहार बर्फात रोवलेली आहे आणि तिच्याशेजारी ठेवलेल्या पट्टीवर साडेपाच इंच दिसतात. पेटी मागे, काठावर आहे, अजून बंद.

असो. पुढील वर्षी पुन्हा अतिसारावर लिहीन.