पोपडा उलटा करून बघा : रंगकामाच्या शिक्षणाविषयीचे गैरसमज

पावसाळा सरला की वर्ध्याच्या कुठल्याही वस्तीत हे दिसतं. मागच्या दिवाळीला रंगवलेलं लोखंडी फाटक आणि त्याच्या खालच्या पट्टीवर उठलेले पोपडे. घरमालक म्हणतो, रंग बोगस निघाला. रंगारी म्हणतो, पाऊस फार झाला. खरं कारण त्या पोपड्याच्या पाठीवर असतं. नखाने एक पोपडा उचला आणि उलटा करा. पाठीला तांबूस भुकटी चिकटलेली असेल, तर रंगाने लोखंड धरलंच नव्हतं, त्याने गंज धरला होता. गंज सुटला, त्याच्याबरोबर रंगही सुटला. पाठ गुळगुळीत, चकचकीत असेल, तर खाली तेलकटपणा राहिला होता किंवा जुना ऑइल पेंट न घासताच वर नवा हात मारला होता. डब्याचा दोष क्वचितच असतो.

असं निदान करता येणं ही एक विद्या आहे. ती शिकवली जाते, तिच्या परीक्षा होतात, तिच्यावर पगार मिळतो. तरीही दहावीच्या निकालानंतर घराघरांत ट्रेडची चर्चा होते तेव्हा फिटर, इलेक्ट्रिशियन, वेल्डर ही नावं येतात आणि रंगाचं नाव निघालं की आईवडिलांचा चेहरा उतरतो. त्यामागे काही समजुती आहेत. त्या एकेक करून तपासायला हव्यात.

“रंग मारायला काय शिकायचं?”

सगळ्यात घट्ट बसलेला आणि सगळ्यात जास्त नुकसान करणारा गैरसमज हाच. रंग म्हणजे केवळ छटा नव्हे. डब्यात चार गोष्टी असतात: थर धरून ठेवणारं रेझिन, रंग आणि झाकणशक्ती देणारी पूड, पातळपणा आणणारा द्राव आणि थोड्या प्रमाणात घातलेली पूरक रसायनं. द्राव उडून जातो. भिंतीवर किंवा लोखंडावर उरतो तो घन भाग. त्याची जाडी मायक्रॉनमध्ये मोजतात. माणसाचा केस साधारण सत्तर मायक्रॉन जाड असतो, त्यावरून कल्पना यावी.

आता हिशेब बघा. डब्यात आकारमानाने निम्मा भाग घन असेल आणि वाळल्यावर ५० मायक्रॉनचा थर हवा असेल, तर ओला थर १०० मायक्रॉनचा द्यावा लागतो आणि एक लिटरमध्ये जास्तीत जास्त १० चौरस मीटर काम होतं. हे दहावीच्या गणितापलीकडचं नाही. पण हा हिशेब न येणारा कारागीर थिनर वाढवून तोच लिटर १५ चौरस मीटरला पुरवतो. दुसऱ्या पावसाळ्यात त्याचं फळ दिसतं.

यापुढची बाब हवेची. कारखान्यातल्या आणि पुलांवरच्या कामात एक नियम सर्वत्र पाळतात: लोखंडाचं तापमान दवबिंदूपेक्षा निदान ३ अंश सेल्सिअसने जास्त हवं आणि हवेतली आर्द्रता ८५ टक्क्यांच्या आत हवी. श्रावणातल्या सकाळी पत्रा कोरडा दिसतो, पण त्यावर दवाचा न दिसणारा पापुद्रा असतो. उलट मे महिन्यात वर्ध्याचा पारा ४५ च्या पुढे जातो, तेव्हा उन्हात तापलेल्या पत्र्यावर स्प्रे गनमधून निघालेला रंग पोहोचेपर्यंतच अर्धा वाळतो आणि हाताला खरखरीत लागतो. कधी द्राव इतक्या घाईने उडतो की थरात टाचणीच्या टोकाएवढी भोकं पडतात. गंजाला आत शिरायला तेवढी वाट पुरते. शिकलेला माणूस अशा दिवशी पहाटे काम उरकतो किंवा सावकाश उडणारं थिनर मागतो.

“नोकऱ्या मुंबई-पुण्याला, वर्ध्यात काय आहे?”

यात अर्धं सत्य आहे. रंग तयार करणारे मोठे कारखाने आपल्याकडे नाहीत. ते साताऱ्याजवळ खंडाळ्याला, कोकणात लोटे परशुरामला, महाडला आहेत. रंगाच्या कारखान्यातच काम करायचं असेल तर बॅग भरावी लागेल.

पण रंग जिथे बनतो त्यापेक्षा जिथे चढतो तिथे माणसं कितीतरी जास्त लागतात. भुगावच्या पोलाद कारखान्यात पत्र्यावर जस्ताचा मुलामा चढतो, आणि लेपनाचं तंत्र म्हणजे केवळ ब्रश-रोलर नव्हे हे तिथे कळतं. देवळीची एमआयडीसी आहे, नागपूरच्या वाटेवर बुटीबोरी आहे. कपाटं, ग्रिल, शेतीची अवजारं करणाऱ्या फॅब्रिकेशनवाल्यांना पावडर कोटिंग लागतं. त्यात पत्रा एकापाठोपाठ एक टाक्यांतून धुऊन काढतात, विद्युतभाराने पूड चिकटवतात आणि साधारण १८० ते २०० अंशांच्या भट्टीत भाजतात. समृद्धी महामार्ग सेलू, वर्धा आणि आर्वी तालुक्यांतून जातो. नागपूर-शिर्डी टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी खुला झाला. अशा रस्त्यांवरचे पांढरे पट्टे ब्रशने ओढत नाहीत. वितळवलेलं थर्मोप्लास्टिक यंत्राने अंथरतात आणि ते गरम असतानाच त्यावर काचेचे बारीक मणी टाकतात. रात्री गाडीचा दिवा पडला की पट्टा उजळतो तो त्या मण्यांमुळे. पट्टे झिजतात, पुन्हा मारावे लागतात. हे काम संपणारं नाही.

“आयटीआय म्हणजे शिक्षणाचा शेवट”

शेवट नाही, ती पहिली पायरी आहे. आयटीआयमध्ये पेंटर जनरल हा दोन वर्षांचा ट्रेड आहे. पण रंगउद्योगाकडे जाणारे आणखी ट्रेड आहेत आणि ते फार कुणाला ठाऊक नसतात: अटेंडंट ऑपरेटर केमिकल प्लांट आणि लॅबोरेटरी असिस्टंट केमिकल प्लांट. दहावीला विज्ञान-गणित असलेल्या मुलामुलींसाठी हे दोन्ही चांगले आहेत. रंगाच्या कारखान्यात मिश्रणाची टाकी सांभाळणारा आणि प्रयोगशाळेत नमुना तपासणारा माणूस बहुधा याच वाटेने येतो. तपासणी म्हणजे काय तर फोर्ड कपच्या भोकातून रंग किती सेकंदांत गळतो ते घड्याळ लावून मोजणं, हेगमन गेजवर पूड किती बारीक दळली गेली ते पाहणं, वाळलेल्या थरावर ब्लेडने चौकटी पाडून चिकटपट्टी लावून ओढणं आणि किती चौकटी उखडल्या ते मोजणं. नजर पक्की आणि नोंदवही स्वच्छ हवी. मुली या कामात कुठेही कमी पडत नाहीत.

दोन वर्षांच्या आयटीआयनंतर डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळतो आणि डिप्लोमानंतर पदवीच्या दुसऱ्या वर्षाला. पदवीसाठी लांब जायला नको. नागपूरची लक्ष्मीनारायण तंत्रज्ञान संस्था, म्हणजे सगळ्यांची एलआयटी, १९४२ पासून उभी आहे. तिथे तेल आणि सरफेस कोटिंग हे विषय शिकवले जातात आणि आता तिला विद्यापीठाचा दर्जा आहे. मुंबईची रसायन तंत्रज्ञान संस्था, जुनी यूडीसीटी, १९३३ ची. जळगावच्या विद्यापीठातही रंगतंत्रज्ञानाचं शिक्षण आहे. महाराष्ट्रात या विषयाची इतकी जुनी परंपरा असताना विदर्भातल्या पालकांना त्याची खबर नसावी, याचं वाईट वाटतं.

“सर्टिफिकेट कुठलंही चालतं”

चालत नाही. आयटीआयची परीक्षा राष्ट्रीय पातळीवर मान्य असते. पेंट्स अँड कोटिंग्ज स्किल कौन्सिलचे अभ्यासक्रम अल्पमुदतीचे असतात आणि ठरावीक कामापुरते असतात, पण त्यांनाही मान्यता आहे. रंगकंपन्या कारागिरांना देतात ते प्रशिक्षण उपयोगी असतं, मात्र ते मुख्यतः त्यांच्या मालाचं असतं. तिन्ही एकच समजून पैसे भरू नका. आणि शिकाऊ उमेदवारीचा कायदा १९६१ पासून आहे. त्याखाली कारखान्यात शिकताना विद्यावेतन मिळतं, ते हक्काचं आहे.

“रंगात राहिलं की छाती गेली”

ही भीती खोटी नाही, म्हणून ती हसण्यावारी नेऊ नये. थिनरची वाफ तोंडाला बांधलेल्या रुमालाने अडत नाही. तिला कोळशाच्या काडतुसाचा मास्क लागतो. गाड्यांना मारतात त्या दोन डब्यांच्या पीयू (पॉलियुरेथेन) रंगाच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं. त्याने दमा जडू शकतो, तिथे ताजी हवा पुरवणारा मास्क हवा. संध्याकाळी थिनरने हात धुणं ही तर जवळजवळ सगळ्यांची सवय, आणि द्राव कातडीतूनही अंगात जातो. प्रशिक्षणाची खरी किंमत इथे आहे. न शिकता काम करणाऱ्याला हा धोका कुणी सांगतच नाही.

शिश्याचंही तसंच. घरगुती आणि सजावटीच्या रंगांत शिश्याची मर्यादा ९० पीपीएम आहे, नोव्हेंबर २०१७ पासून लागू. पण तो नियम औद्योगिक रंगांना नाही. सिंदी रेल्वेच्या तान्ह्या पोळ्यासाठी लाकडी नंदी रंगवणाऱ्याने हे लक्षात ठेवायला हवं. कारखान्यातून उरलेला चकाकणारा रंग स्वस्त पडला, तरी लेकराच्या हाती द्यायच्या बैलाला तो लावू नये.

“ही विद्या आपल्या मातीतली नाही”

आपल्या शेतात जवस पिकतो. जवसाचं तेल ताटलीत पातळ पसरून ठेवा आणि शेजारी शेंगदाण्याचं ठेवा. काही दिवसांनी जवसाच्या तेलावर साय धरते, मग ते कडक होतं. शेंगदाण्याचं तसंच चिकट राहतं. जवसाचं तेल सुकताना हवेतला प्राणवायू घेतं आणि त्याचे रेणू एकमेकांत गुंफले जातात. ऑइल पेंट वाळण्यामागेही हेच तत्त्व आहे. या क्रियेत उष्णता निघते, म्हणून या तेलाने माखलेल्या चिंध्यांचा ढीग कोपऱ्यात टाकला तर तो आपोआप पेट घेऊ शकतो. त्या पसरून वाळवाव्यात किंवा पाण्यात टाकाव्यात.

वर्ध्याचं रंगाशी आणखी एक नातं आहे. शेणापासूनचा खादी प्राकृतिक पेंट १२ जानेवारी २०२१ रोजी नितीन गडकरींच्या हस्ते बाजारात आला. तो जयपूरच्या ज्या संस्थेने तयार केला तिला नाव आहे जे. सी. कुमारप्पांचं, आणि कुमारप्पांनी अखिल भारतीय ग्रामोद्योग संघाचं काम केलं ते वर्ध्याच्या मगनवाडीतून. हाताच्या उद्योगातून शिक्षण द्यावं हा विचार देशापुढे आला तोही ऑक्टोबर १९३७ च्या वर्ध्यातल्या परिषदेत. त्याच मगनवाडीत आज महात्मा गांधी ग्रामीण औद्योगिकीकरण संस्था आहे.

तेव्हा दहावीचा निकाल लागला की प्रवेशपुस्तिकेत केमिकल प्लांटचे ट्रेड कुठल्या आयटीआयला आहेत ते शोधा, कारण ते प्रत्येक ठिकाणी नसतात. बारावी विज्ञानाला असलेल्यांनी एक दिवस काढून नागपूरला एलआयटी पाहून यावी. वर्ध्याहून सकाळची गाडी धरली तर संध्याकाळी घरी परत येता येतं.