बिदरीचा काळा रंग कुणी लावत नाही

बीदरात मैलूरकडून जुन्या शहरात आलं, की चौबारा मनोऱ्याच्या बाजूला बिदरीची दुकानं लागतात. काळ्या सुरईवरची चांदीची वेल पाहून गिऱ्हाईक हमखास विचारतं, ‘रंग निघणार नाही ना?’ पहिला गैरसमज या प्रश्नातच आहे. त्या भांड्याला कुंचला लागलेलाच नसतो.

भांडं जस्ताचं असतं, त्यात थोडं तांबं. साच्यातून निघतं तेव्हा ते राखाडी, मळकट दिसतं. कानशीने घासून गुळगुळीत केलं, की त्यावर मोरचुदाचं पाणी फिरवतात. अंग तात्पुरतं काळसर होतं आणि कलमाने कोरलेली रेघ नजरेला नीट दिसते. चांदी ठोकून झाली की हा काळसरपणा घासून काढतात. या टप्प्यावर जस्त आणि चांदी दोन्ही पांढुरकी, एवढी मेहनतीची नक्षी जवळजवळ हरवलेली. मग किल्ल्यातली माती आणि नवसागर पाण्यात कालवून, भांडं जरा तापवून त्यावर चोळतात. बघता बघता जस्त काळंभोर होतं, चांदी पांढरीच राहते. हा काळा म्हणजे धातूच्या अंगावर घडलेली रासायनिक क्रिया, आणि ती घडते मिश्रणातल्या तांब्यामुळे. निव्वळ जस्तावर असा काळा चढत नाही. शेवटी तेलाचा हात फिरवतात.

अडीच हजार वर्षांपूर्वीच्या अथेन्समधल्या चित्रित भांड्यांबद्दलही असाच समज आहे. त्यांवरचा चकचकीत काळा म्हणजे बारीक गाळलेल्या मातीचाच लेप. भट्टीत आधी हवा खेळती, मग हवा कोंडून धूर, मग पुन्हा हवा, अशा तीन पायऱ्यांत लेप काळा होई आणि बाकीचं भांडं तांबडं राही.

किल्ल्याच्या मातीबद्दल मात्र सांभाळून बोलायला हवं. वर्षानुवर्षं ऊनपाऊस न लागलेल्या जागेची माती कारागीर जिभेवर ठेवून पारखतात. ही अंधश्रद्धा नव्हे. अशा मातीत सोऱ्यासारखे क्षार साचतात आणि काळं करण्यात त्यांचा वाटा असतो. पण त्या मातीवाचून बिदरी होतच नाही, हे म्हणणं टिकत नाही. लखनौ, मुर्शिदाबाद, पूर्णिया इथेही बिदरी घडली. पूर्णियाचं काम नवसागर आणि सोऱ्यावर चालायचं. बीदरचं मोठेपण मातीत आहे तसंच ते पिढ्यांच्या हातातही आहे. 2006 साली बिदरीला भौगोलिक मानांकन मिळालं, ते म्हणूनच योग्य वाटतं.

‘वर चांदीचा मुलामा असतो’ हेही चूक. तारकशी या पद्धतीत कोरलेल्या खाचेत चांदीची तार ठोकून बसवतात. तहनिशान पद्धतीत खोल कोरलेल्या जागी पत्रा बसतो. आणि ही कला इराणातून तयार आली, असं म्हणणं अर्धवट आहे. धातूत धातू जडवणं तिकडे जुनं होतं खरं, बहमनी दरबारात तिकडचे लोकही होते. पण जस्ताचं भांडं काळं करून त्यावर चांदी खुलवण्याची रीत दख्खनची.

मला सर्वांत जास्त खटकतो तो शेवटचा समज: भांड्यावर नाव नाही, म्हणजे कलावंत नव्हता, नुसता कारागीर होता. अथेन्सच्या बहुतेक भांड्यांवरही चित्रकाराचं नाव नाही. जॉन बीझली या अभ्यासकाने कान, घोटे, वस्त्राच्या चुण्या काढायची लकब निरखली आणि विखुरलेली भांडी एकेका हाताच्या नावावर लावली. 1911 साली त्याने अशाच एका अनामिकाला, बर्लिनच्या संग्रहातल्या भांड्यावरून, ‘बर्लिनचा चित्रकार’ हे नाव दिलं. सही नसताना त्याची अख्खी कारकीर्द उभी राहिली.

जुन्या हुक्क्यांच्या बैठकींकडे आणि पानदानांकडे आपणही तसं पाहायला हवं. अशर्फीच्या बूट्या किती जवळ बसवल्यात? वळणावर तार तुटते की सलग जाते? पाकळीचं टोक कसं संपतं? एवढं नीट टिपलं, तर निनावी वस्तूंतूनही वेगवेगळे हात ओळखू येऊ लागतील. आजच्या कारागिरांना तरी नाव आहे: बीदरचे शाह रशीद अहमद कादरी वडिलांकडून हे काम शिकले, आणि 2023 साली त्यांना पद्मश्री मिळाली.