बंदर एक, धनी तीन

सांगली जिल्ह्यातलं आष्टा आणि सिंधुदुर्गातलं वेंगुर्ला, दोन्हीकडच्या नगरपरिषदा १९६५ च्या एकाच कायद्यावर चालतात. आष्ट्याला समुद्र नाही. वेंगुर्ल्याला बंदर आहे, पण ते नगरपरिषदेचं नाही.

बंदराचा कारभार १९९६ साली स्थापन झालेल्या महाराष्ट्र सागरी मंडळाकडे. अशी ४८ लहान बंदरं त्याच्या अखत्यारीत येतात. मासेमारीचे परवाने आणि जून-जुलैची मासेमारी बंदी मत्स्यव्यवसाय विभाग पाहतो. नगरपरिषदेच्या वाट्याला शहराची दिवाबत्ती, पाणी आणि कचरा.

हे काम दुय्यम मुळीच नाही. माशांची आतडी, कोळंबीची सालं उन्हात झपाट्याने कुजतात. जिवाणू प्रथिनं फोडतात, अमोनिया सुटतो, माश्या घोंगावतात. हीच घाण पाण्यात ढकलली, तर ती कुजवणारे जिवाणू पाण्यात विरघळलेला प्राणवायू संपवतात. बंदराच्या आडोशाला लाटांचा जोर कमी, म्हणून तिथलं पाणी लवकर पालटतही नाही.

वेंगुर्ल्याने कचरा घरातच वेगळा करायला लावला, ओल्या कचऱ्यापासून बायोगॅस केला, प्लास्टिक रस्त्यांच्या डांबरात घातलं. एवढ्याशा नगरपरिषदेचं हे काम खरोखर मोठं आहे. जुन्या कचरा डेपोची जागा आता पर्यटनस्थळ झाली आहे. कोकणात जाणाऱ्या आष्टेकरांनी ती जरूर पाहावी.