फ्लीसची बिनशिवणीची बंडी

रब्बीच्या हंगामांत ज्यांस रात्रीच्या पाळीच्या विजेवर गव्हा-हरभऱ्यास पाणी द्यावें लागतें, त्यांस पहांटेचा गारठा काय असतो हें आम्हीं सांगावयास नको. आमचे वाडवडील अशा वेळीं घोंगडीची खोळ करून डोक्यावरून घेत. तिला ना सुई लागे, ना दोरा. मात्र घोंगडी मागावर विणलेली असल्यामुळें ती कापल्यास उभे-आडवे धागे सुटूं लागतात. म्हणून तिची केवळ घडी घालावयाची असे.

हल्लीं बाजारांत 'फ्लीस' नांवाचें जें मऊ, लवदार कापड मिळतें, त्याची गोष्ट निराळी आहे. आधुनिक फ्लीस अमेरिकेंतील मॅसॅच्युसेट्स येथील माल्डन मिल्स या गिरणीनें इ. स. १९७९ मध्यें काढलें. तें लोकरीसारखें दिसलें तरी बहुधा पॉलिएस्टरचें असतें. पायमोज्याप्रमाणें फासे एकमेकांत अडकवून तें विणतात व मग घासून त्यावर लव काढतात. यामुळें कापलेली कड उसवत नाहीं. हातीं धारदार कात्री असली म्हणजे शिंप्यावांचून काम होतें.

कृति अशी : जाड फ्लीस दीड मीटर घ्यावें. त्याचा पन्हा बहुधा ५८ ते ६० इंच असतो. त्यांतून ३६ इंच रुंदीचा तुकडा काढावा व लांबी पूर्ण ठेवून मधोमध आडवी घडी घालावी. घडीच्या मध्यापासून दोहों बाजूंस ५-५ इंच चीर पाडावी. नंतर केवळ पुढच्या पदरांत ४ इंच उभी चीर द्यावी. डोकें जात नसल्यास ती थोडथोडी वाढवावी. आरंभींच मोठी चीर पाडली तर गळ्यांतून वारा शिरतो, आणि ती भरून काढावयास अखेर सुईच लागते. चिरेचीं टोंकें किंचित् गोल कापावीं, म्हणजे तीं ताणानें फाटत नाहींत.

हातांसाठीं खांद्यापासून १२ इंच जागा सोडावी. त्याखालीं दोन्ही पदरांच्या कडांस १ इंच रुंद व ३ इंच खोल पट्ट्या कापून समोरासमोरच्या पट्ट्यांच्या दुहेरी गांठी माराव्या आणि टोंकें आंत सारावीं. उरलेल्या पन्ह्यांतून ३ इंचांचा कमरपट्टा व लहान मुलाची बंडी निघते. या कापडांतून वारा शिरतो, म्हणून आंत सदरा असावा व पट्टा आवळून बांधावा. भिजलें तरी तें लवकर वाळतें.

आतां अत्यंत महत्त्वाची गोष्ट. पॉलिएस्टर सुमारें २५० ते २६० अंश सेल्सिअसला वितळतें. उघड्यावर, चिमट्यांत लहानसें कात्रण धरून ज्योतीस लावून पहावें. त्याचा तापलेला थेंब होतो. असा थेंब अंगास चिकटला तर भाजल्याची जखम अधिक खोल होते. लोकर कोळपते, पण वितळत नाहीं, व सहसा पेटही धरीत नाहीं. यास्तव ही बंडी घालून शेकोटीशीं, चुलीशीं किंवा गुऱ्हाळाच्या भट्टीशीं बसूं नये. मुलांस तर मुळींच बसूं देऊं नये. तसेंच मळणीयंत्र, कडबाकुट्टी अथवा पट्ट्यावर चालणारें कोणतेंही यंत्र सुरू करण्यापूर्वीं ती काढून ठेवावी. सैल कड यंत्रांत सांपडली तर माणूस ओढला जातो.

घरांत जुनी घोंगडी असेल तर ती या नव्या कापडापायीं टाकूं नये, अशी आमची विनंति आहे. बांधावर बंडी असावी, शेकोटीपाशीं घोंगडी असावी.