कोनिकची वंशावळ आणि कोनिकचे दात

राखाडी अंगाचा, आयाळीपासून शेपटीपर्यंत काळी रेघ मिरवणारा कोनिक हा पोलंडचा ठेंगणा घोडा आज युरोपातल्या अनेक राखीव कुरणांत मोकळा सोडलेला असतो. नामशेष झालेल्या तार्पान या रानघोड्याचा वारस, अशी त्याची ख्याती. तादेउश वेतुलानी या पोलिश संशोधकाने १९३६ मध्ये ब्यावोव्येझाच्या जंगलात शेतकऱ्यांकडची अशी घोडी जमवून तार्पान पुन्हा घडवायला घेतला, तेव्हापासून ही ख्याती पसरली. मुळात हे गाडीला जुंपलं जाणारं जनावर. जनुकांच्या अभ्यासातही ते इतर पाळीव घोड्यांपेक्षा तार्पानच्या अधिक जवळचं ठरलेलं नाही. वारसाहक्क असा निकालात निघाला, तरी कोनिकचं मोल त्यामुळे घटत नाही, कारण ते रक्तात नसून त्याच्या दातांत आणि आतड्यांत आहे.

गाईला वरचे पुढचे दात नसतात. ती जिभेने गवताचा झुबका ओढून तोडते. घोडा दोन्ही जबड्यांनी जमिनीलगत कुरतडतो. तो रवंथ करत नाही. राठ, निकस गवतही भरपूर खाऊन भराभर पुढे ढकलतो. लीद टाकतो तिथे सहसा चरत नाही, त्यामुळे खुरट्या हिरवळीला लागूनच उंच गवत उभं राहतं आणि दोन्हींत वेगवेगळे जीव नांदतात. यंत्राने कापणी केली तर सारं रान एका दिवसात एकाच उंचीचं होतं, किड्यांना आसरा उरत नाही. मग कोणताही घोडा का नको? चरण्यापुरता चालेलही, पण तबेला आणि खुराकाशिवाय हिवाळा काढणं प्रत्येकाला जमत नाही; काटक कोनिकला जमतं.

खरा आक्षेप या काटकपणावर विसंबण्याचाच आहे. नेदरलँड्समध्ये पाणी उपसून मिळवलेल्या जमिनीवरच्या ओस्टवार्डर्सप्लासेन राखीव क्षेत्रात १९८४ मध्ये कोनिक सोडले. रानटी गुरं होतीच, पुढे हरणंही आली. भोवती कुंपण, आत लांडगा नाही. कळप वाढत गेले आणि २०१७-१८ च्या हिवाळ्यात सुमारे पाच हजारांपैकी तीन हजारांहून अधिक जनावरं गेली. त्यांतली बहुतेक उपासमारीने तडफडू नयेत म्हणून गोळी घातलेली. लोकांनी कुंपणावरून गवताच्या पेंढ्या आत फेकल्या. ‘निसर्ग आपलं बघून घेईल’ हा युक्तिवाद कुंपणाच्या आत लंगडाच. पण त्यावरून चराईच चुकीची ठरवणाऱ्यांचंही मला पटत नाही; चुकलं ते जनावरांच्या संख्येचं गणित. शासकीय समितीने नंतर सर्व मोठ्या चरणाऱ्यांची मिळून १,५०० ची मर्यादा सुचवली आणि बरेच कोनिक स्पेन, बेलारूसला रवाना झाले.