जुन्या गाडीचे इंजिन : दुरुस्त करावे की बदलावे?

माझ्या थोरल्या बंधूंकडे १९७८ सालची मॅटाडोर आहे. आकुर्डीच्या बजाज टेम्पो कंपनीची (२००५ पासून फोर्स मोटर्स) ही गाडी एके काळी शाळेच्या मुलांपासून लग्नाच्या वऱ्हाडापर्यंत सर्वांची वाहतूक करीत असे. बंधूंनी तिच्यात झोपण्यासाठी फळ्या आणि स्टोव्हसाठी ओटा बसवून तिला फिरते घर केले. कार्ला, भाजे, पवना धरण, सारे आम्ही तिच्यातूनच पाहिले.

गेल्या वर्षी खोपोलीहून बोरघाट चढताना ती तापली आणि पांढरा धूर सोडू लागली. कशीबशी लोणावळ्यात आणली. पहिल्याच मेकॅनिकने इंजिन न उघडता निकाल दिला, "हे संपलं, दुसरं टाका." बंधू निवृत्तीच्या ठेवीतून पैसे काढायला निघाले. मी बँकेतला कारकून. कर्जाच्या अर्जावर आधी छाननी आणि मग सही, ही आमची रीत. तीच येथे लावू या, असे मी म्हटले.

प्रथम निदान. डिझेल गाडीचा काळा धूर म्हणजे बहुधा इंधन जास्त किंवा हवा कमी. निळसर धूर म्हणजे ऑइल जळते आहे. आणि तापलेल्या इंजिनातून सतत पांढरा धूर येत असेल व रेडिएटरचे पाणी कमी होत असेल, तर पाणी सिलिंडरमध्ये शिरत असण्याचा संभव असतो. त्यानंतर प्रत्येक सिलिंडरचा कॉम्प्रेशन दाब मोजावा. आमच्या चारपैकी दुसऱ्या व तिसऱ्या सिलिंडरचा दाब बराच कमी निघाला. शेजारचे दोन सिलिंडर एकदम उतरले की पहिला संशय हेड गॅस्केटवर घ्यावा. हेड उघडले, तेव्हा गॅस्केट नेमके त्या दोहोंच्या मध्ये जळालेले होते. मूळ कारण गाळाने तुंबलेला रेडिएटर, म्हणजे आमचाच निष्काळजीपणा!

मग बदलावे केव्हा? ब्लॉकला दुरुस्त न होणारी चीर असेल, क्रँकशाफ्ट तुटला असेल किंवा सुटे भाग कोठेच मिळत नसतील, तर. सिलिंडर झिजले म्हणून इंजिन टाकून देऊ नये. बोअर करून मोठे पिस्टन घालता येतात, पुष्कळ इंजिनांत नवे लायनरही बसतात. क्रँकशाफ्टही ठराविक मापांपर्यंत घासून वापरता येतो.

जुन्या बाजारातले इंजिन स्वस्त दिसते, पण त्याचे आयुष्य किती उरले हे ते उघडल्याशिवाय कळत नाही. शिवाय इंजिनाचा नंबर आरसी बुकात असतो. बदलायचे तर आरटीओची परवानगी, खरेदीची पावती, नव्या नंबरची नोंद आणि विमा कंपनीला कळवणे, हे सारे आले. पावती नसलेले इंजिन चोरीचे निघाले, तर काय? आणखी एक गोष्ट. २०२१ च्या नियमांनुसार पन्नास वर्षांपेक्षा जुन्या खासगी वाहनाची 'विंटेज' म्हणून नोंदणी होऊ शकते, पण चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा बदल झालेला नसावा. आमची गाडी लवकरच पन्नाशी गाठेल. बॉडी मूळचीच आहे. इंजिन बदलले असते, तर तो दरवाजा आम्ही आपल्याच हातांनी लावून घेतला असता.

आम्ही हेड सपाट करून घेतले, नवे गॅस्केट बसवले, रेडिएटर साफ करवला. ठेव मोडावी लागली नाही. आता घाटात काटा वर चढू लागला की बंधू गाडी बाजूला घेतात. तापलेल्या रेडिएटरचे झाकण उघडत नाहीत, की इंजिनावर गार पाणी ओतत नाहीत.

विद्यार्थी मित्रांनो, आयटीआयमध्ये डिझेल मेकॅनिकचा अभ्यासक्रम शिकणाऱ्यांनी एवढे लक्षात ठेवावे : मोजल्याशिवाय निकाल देऊ नये. समोरच्या माणसाची आयुष्यभराची पुंजी तुमच्या एका शब्दावर अवलंबून असते.